फिल्म कॅमेऱ्यावर फ्लॅश टाळू नका, अंतर मोजा

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

फिल्म कॅमेऱ्याकडे वळलेल्या गोव्यातल्या तरुण मुलामुलींवरचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत आला. लेख आवडला, पण शेवटी नवशिक्यांना दिलेला एक सल्ला मुळीच पटला नाही. 'फिल्मवर फ्लॅश शक्यतो टाळा, फोटो जळतो,' असे त्यात म्हटले आहे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आली आहे. घरोघरी कौलारू छपराखाली, गणपतीवर टांगलेल्या फळांच्या माटोळीसमोर, पावसाळी संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात मंडळी रोल घालून फोटो काढणार आहेत. सल्ला मानून फ्लॅश घरी ठेवला, तर २०० च्या रोलवर (हा आकडा आयएसओचा, म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा) एफ २ असे अॅपर्चर, म्हणजे लेन्सचे भोक, आणि सेकंदाचा १/१५ असे शटर लावावे लागेल आणि हललेले, काळपट फोटो पदरी पडतील. सल्ला धुडकावून नुसता फ्लॅश चढवला आणि बटण दाबले, तर लेखात म्हटल्याप्रमाणे फोटो खरेच जळतील. रोल, धुलाई आणि स्कॅन यांचा आजचा खर्च पाहता दोन्ही गोष्टी परवडणाऱ्या नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

फ्लॅशचा फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा अंतर न मोजल्यामुळे. फ्लॅशचा लखलखाट पूर्ण ताकदीवरसुद्धा साधारण एक सहस्रांश सेकंदात आटोपतो. शटर १/६० असो की १/१५, तो सगळा प्रकाश फिल्मवर पडून जातो. त्यामुळे फ्लॅशच्या प्रकाशावर शटरचा ताबा चालत नाही. तो ठरतो अॅपर्चर, फ्लॅशची ताकद आणि माणूस फ्लॅशपासून किती मीटरवर आहे, या तिघांवर. शटरच्या हाती राहतो तो समईचा, खिडकीचा, ट्यूबलाइटचा उजेड. एवढे एकदा नीट ध्यानात आले की पुढचे सगळे सोपे आहे. डिजिटलवर पडद्याकडे बघत चुका दुरुस्त करता येतात. फिल्मवर हिशेब आधी करावा लागतो, आणि तो तिसरीतल्या भागाकाराइतकाच आहे.

प्रत्येक फ्लॅशला गाईड नंबर, म्हणजे त्याची ताकद सांगणारा आकडा, असतो. गाईड नंबर भागिले अंतर म्हणजे अॅपर्चरचा एफ आकडा; आकडा जितका मोठा, तितके भोक लहान. समजा, १०० आयएसओला मीटरमध्ये गाईड नंबर २८ आहे. माणूस अडीच मीटरवर असेल तर एफ ११, साडेतीन मीटरवर एफ ८, पाच मीटरवर एफ ५.६. रोल २०० चा असेल तर २८ चे ४० धरा, ४०० चा असेल तर ५६. अंतर कसे मोजायचे, असे पुष्कळजण विचारतात. उत्तर लेन्सवरच आहे. फोकस करा आणि लेन्सच्या कड्यावरचा मीटरचा आकडा वाचा. जुन्या हाताने फिरवायच्या लेन्सची ही फार मोठी सोय आहे. इथे एक गल्लत हमखास होते, ती फूट आणि मीटर यांची. विव्हिटार २८३ चा गाईड नंबर १२० सांगतात तो फुटांत. मीटरमध्ये तो ३६ च्या आसपास येतो. १२० ला मीटरने भागले, तर लोक अॅपर्चर तीन-साडेतीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) जास्त बंद करून बसतात आणि निगेटिव्ह जवळजवळ कोरी निघते.

खोक्यावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. आजचे झूम डोक्याचे फ्लॅश आपला गाईड नंबर सर्वांत लांब झूमला मोजतात. गोडॉक्सच्या टीटी६०० वर ६० लिहिलेले असते, ते २०० मिमीच्या झूमला. आपण ३५ किंवा ५० मिमीची लेन्स वापरतो, तिथे तो बराच खाली येतो. माहितीपत्रकात झूमनुसार तक्ता असतो, त्यातला ३५ मिमीचा आकडा घ्यावा. जुन्या फ्लॅशचे आकडेसुद्धा कंपन्यांनी थोडे उदार हाताने लिहिलेले असतात. खरा आकडा काढायला चार फ्रेम पुरतात. एका माणसाला घरात तीन मीटरवर बसवा, फ्लॅश पूर्ण ताकदीवर ठेवा आणि एफ ५.६, ८, ११, १६ अशा चार फ्रेम घ्या. प्रत्येक फ्रेममध्ये त्याच्या हातात त्या अॅपर्चरचा आकडा लिहिलेला कागद असू द्या. रोल धुतल्यावर जी निगेटिव्ह सर्वांत चांगली, तिचा एफ गुणिले तीन म्हणजे त्या रोलसाठी तुमचा गाईड नंबर. १०० च्या रोलवर एफ ८ ची फ्रेम चांगली आली, तर तुमचा फ्लॅश २८ चा नसून २४ चा आहे. तो आकडा चिकटपट्टीवर लिहून फ्लॅशच्या पाठीवर लावून टाका. आणि शंका आली तर अर्धा ते एक स्टॉप उघडा ठेवा. रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्त प्रकाश सहज सोसते, एक स्टॉप कमी मात्र सोसत नाही. सावल्या मातकट, दाणेदार होतात. स्लाइड फिल्मचे नेमके उलटे असते, तिथे जास्त प्रकाश चालत नाही.

आता शटर. पडद्याच्या शटरमध्ये दोन पडदे असतात. एक उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून झाकत येतो. ठरावीक वेगापर्यंतच संपूर्ण चौकट एका क्षणी उघडी असते. त्यापुढच्या वेगाला दोन पडद्यांमध्ये नुसती फट राहते आणि ती फट फिल्मवरून सरकत जाते. फ्लॅश त्या क्षणी उडाला की फटीपुरताच फोटो येतो, बाकी चौकटीत फ्लॅशचा प्रकाश पोचतच नाही. ही मर्यादा पेंटॅक्स के१०००, कॅनन एई-१ आणि मिनोल्टा एक्स-७०० ला १/६० आहे. निकॉन एफएम, एफएम१० आणि याशिका एफएक्स-३ ला १/१२५. निकॉन एफएम२ ला सुरुवातीच्या नगांत १/२०० आणि नंतरच्या नगांत १/२५०. झेनिट-ई ला अवघी १/३०. शटरच्या चकतीवर हा आकडा बहुधा लाल किंवा वेगळ्या रंगात, नाहीतर एक्स किंवा विजेच्या खुणेने दाखवलेला असतो. त्याहून मंद वेग चालतो, जलद चालत नाही. याशिकामॅटसारख्या दुहेरी लेन्सच्या कॅमेऱ्यात शटर लेन्समध्येच असते, तिथे ही अडचण नाही. १/५०० पर्यंत कुठलाही वेग लावा.

सेकंडहँड कॅमेरा घेतला असेल तर रोल घालण्याआधी एक चाचणी जरूर करावी. मागचे झाकण उघडा. फिल्म जिथे बसते त्या चौकटीवर बटर पेपरचा तुकडा सपाट धरा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे रोखा, खोलीत अंधार करा आणि फ्लॅश लावून बटण दाबा. त्या कॅमेऱ्याच्या वर सांगितलेल्या मर्यादेच्या वेगाला कागदाचा अख्खा आयत उजळलेला दिसला पाहिजे. मग मुद्दाम त्याहून बराच जलद वेग लावून पाहा; एका बाजूला उजेडाची पट्टी आणि बाकी काळोख दिसेल. कापडी पडद्याच्या कॅमेऱ्यात ती पट्टी उभी असते, धातूच्या वरून खाली जाणाऱ्या पडद्यात आडवी. मर्यादेच्या वेगालाच एक कड काळी दिसली, तर पडदे मंदावलेले आहेत आणि कॅमेरा दुरुस्तीला द्यायला हवा. या चाचणीला पैशाचाही खर्च नाही, तरी दुकानात कॅमेरा घेताना ती करून बघणारे फार थोडे.

फ्लॅश कॅमेऱ्याला जोडण्याचे दोन मार्ग आहेत: वरच्या हॉट शूमधला (फ्लॅश बसवायच्या खाचेतला) मधला बिंदू, किंवा बाजूच्या छोट्या गोल भोकात जाणारी सिंक कॉर्ड. काही जुन्या कॅमेऱ्यांवर शू असतो, पण मधे बिंदू नसतो; तो नुसता फ्लॅश धरून ठेवतो, तिथे कॉर्ड लागतेच. निकॉन एफ२ आणि एफ३ चा शू रिवाइंडच्या कळीवर आणि वेगळ्याच घडणीचा आहे, त्याला अॅडॉप्टर लागतो. जिथे एम आणि एक्स अशी निवड असते तिथे नेहमी एक्स. एम ही सोय जळणाऱ्या बल्बच्या काळातली आहे. बल्ब पेटायला वेळ लागत असे, म्हणून त्याला शटर उघडण्याच्या थोडे आधीच ठिणगी मिळे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश ताबडतोब उडतो. एमवर ठेवला तर शटर उघडण्यापूर्वीच लखलखाट होऊन जातो आणि फ्रेम कोरी येते. फ्लॅश तर उडताना दिसला, मग फोटो का आला नाही, या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा या बारीकशा कळीत असते.

कॉर्डचे टोक सैल बसणे हे दुसरे ठरलेले दुखणे. कॉर्ड लावून फ्लॅश चार-पाच वेळा उडवा आणि त्या दरम्यान टोक हलकेच हलवून बघा. एकदा जरी चुकला तरी ती कॉर्ड समारंभाला नेऊ नये. शूच्या बिंदूवरचा काळपटपणा शाळेतल्या खोडरबराने निघतो.

जुन्या फ्लॅशच्या बाबतीत विजेचा दाब हा विषय गांभीर्याने घ्यायला हवा. काही जुने फ्लॅश, उदाहरणार्थ विव्हिटार २८३ चे सुरुवातीचे नग, शूच्या बिंदूवर २०० व्होल्टच्या वर दाब देतात. के१००० किंवा एफएमसारख्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचे सहसा काही होत नाही. पण कॅनन ईओएससारखे इलेक्ट्रॉनिक फिल्म कॅमेरे आणि कोणताही डिजिटल कॅमेरा यांच्यासाठी सहा व्होल्टची मर्यादा धरून चालणे सुरक्षित. साध्या मल्टिमीटरने तपासता येते. फ्लॅशला नवे सेल घाला, रेडी दिवा लागू द्या, मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक मधल्या बिंदूला आणि दुसरे शूच्या बाजूच्या धातूला लावा. आकडा वाचा. टोके धरताना बोटे धातूला लागू देऊ नका. 'कुठल्याही कॅमेऱ्यावर चालतो' असे सांगून जुने फ्लॅश सर्रास विकले जातात, आणि घरी नेऊन मुले ते डिजिटल कॅमेऱ्यावर चढवतात. विकणाऱ्याने हा आकडा मोजून सांगायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे.

नवीन घ्यायचा असेल तर हाताने ताकद कमीजास्त करता येणारा साधा फ्लॅश घ्यावा. पूर्ण, अर्धी, पाव अशी खाली १/१२८ पर्यंत ताकद उतरवता येते. ताकद निम्मी केली की एक स्टॉप कमी. महागड्या आपोआप मोजणाऱ्या डिजिटल फ्लॅशचा फिल्म कॅमेऱ्यावर बहुतेक वेळा उपयोग होत नाही. फिल्मच्या काळातली मोजणी वेगळी होती. १९७५ च्या ऑलिंपस ओएम-२ ने फिल्मवर आदळून परतणारा प्रकाश आतल्या आत मोजून फ्लॅश बंद करण्याची सोय आणली, पुढे इतरांनी ती उचलली. डिजिटलमध्ये फ्लॅश आधी एक छोटा चमकारा सोडून मोजतो, हे फिल्म कॅमेऱ्याला कळत नाही. निकॉनच्या एसबी-६०० आणि एसबी-८०० ला दोन्ही भाषा येतात, एसबी-७०० ला फिल्मची येत नाही. खरेदीआधी हे पाहून घ्यावे. आणखी एक: नवे फ्लॅश काही मिनिटांनी आपोआप झोपी जातात आणि जुन्या कॅमेऱ्याचे बटण अर्धे दाबून जागे होत नाहीत. झोपण्याची सोय बंद ठेवा, नाहीतर महत्त्वाच्या क्षणाआधी टेस्टचे बटण दाबून जाग आणा.

जुन्या फ्लॅशवर पुढच्या बाजूला एक छोटा डोळा असतो, त्याच्या ऑटोची फार चांगली मदत होते. फ्लॅशवर रोलचा आयएसओ लावायचा, तो सांगेल ते अॅपर्चर लेन्सवर लावायचे. पुरेसा प्रकाश परत आला की डोळा स्वतःच लखलखाट तोडतो. पण या डोळ्याला समोर काय आहे ते कळत नाही. मखराला चमकणारा कागद, आरसे, सोनेरी झालर असली की तो लवकर फसतो आणि मूर्ती काळवंडते, तिथे एक स्टॉप उघडावा. काळ्या पाषाणाची मूर्ती, गर्द रंगाचा पडदा अशा ठिकाणी तो उलटा फसतो आणि फुलांचे, पितळेच्या समईचे तपशील उडतात. तिथे एक स्टॉप बंद करावा.

माटोळीसमोर तर ऑटो वापरूच नये. याचे कारण माटोळीच्या रचनेतच आहे. लाकडी चौकट गणपतीच्या वर आणि थोडी पुढे टांगलेली असते. तिला बांधलेले नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचे घड, तवशी, रानातली फळे खाली लोंबत असतात. म्हणजे फोटो काढणाऱ्याला मूर्तीपेक्षा माटोळी जवळ. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश सरळ समोर मारला की सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त प्रकाश माटोळीवर पडतो. डोळा तो बघून फ्लॅश तोडतो. फोटोत पांढरीफटक पडलेली माटोळी आणि तिच्याखाली अंधारात बसलेला गणपती, वर मूर्तीच्या कपाळावर नारळाची काळी सावली.

आकड्यांत बघू. मूर्ती तीन मीटरवर आहे आणि माटोळीची पुढची कड दीड मीटरवर. अंतर निम्मे, म्हणजे प्रकाश चौपट. माटोळी पूर्ण दोन स्टॉप जास्त उजळणार. आता दीड मीटर मागे सरका. मूर्ती साडेचार मीटरवर गेली, माटोळी तीन मीटरवर. फरक सव्वादोन पटीचा, सव्वा स्टॉपपेक्षाही कमी. एवढा फरक रंगीत निगेटिव्ह पोटात घालते. तेव्हा माटोळीच्या फोटोला पहिला उपाय मागे जाणे, हवे तर दारातून, ओसरीतून काढणे, आणि ३५ मिमीऐवजी ५० किंवा ८५ मिमीची लेन्स लावणे. ४०० च्या रोलवर गाईड नंबर ५६, भागिले साडेचार, म्हणजे साधारण एफ १२. कड्यावर एफ ११ लावा, फ्लॅशचा आकडा तपासलेला नसेल तर एफ ८.

दुसरा उपाय फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवण्याचा. मीटर-दीड मीटरची सिंक कॉर्ड लावा, फ्लॅश डाव्या हातात, खांद्याच्या खाली, माटोळीच्या लोंबत्या फळांच्या पातळीखाली धरा आणि तोंड थेट मूर्तीच्या छातीवर रोखा. माटोळीला कडेचा प्रकाश मिळेल, मूर्तीला पूर्ण मिळेल, आणि सावल्या भिंतीवर वर फेकल्या जातील. खालून येणारा प्रकाश चेहऱ्याला बरा दिसत नाही, म्हणून फार खाली जाऊ नये, हात एका बाजूला न्यावा. मापन करताना अंतर कॅमेऱ्यापासून धरू नका, फ्लॅशपासून धरा. घरात कोणी मदतीला असेल तर फ्लॅश त्याच्या हातात देऊन एका कोपऱ्यात उभे करावे, तो सर्वांत उत्तम मार्ग.

आणि शटर मंद ठेवा, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. लोक १/६० वर फ्लॅश मारतात आणि समया, दिव्यांच्या माळा, मखरातला बल्बचा पिवळा उजेड सगळे मरून जाते. मागे काळा खड्डा राहतो. १/१५ किंवा १/८ लावा, कॅमेरा तिकाटण्यावर किंवा खांबाला टेकवून धरा. फ्लॅश मूर्तीला रेखीव करील आणि त्या मंद शटरमध्ये समईची ज्योत, माळांचे रंग फिल्मवर उतरतील. आरतीला घुमट वाजवणाऱ्यांचे हात थोडे हललेले येतील, ते खुशाल येऊ द्यात. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हाच्या जवळचा असतो, त्यामुळे दिव्यांचा पिवळेपणा वेगळा उठून दिसतो. ज्यांना तो कमी हवा त्यांनी फ्लॅशच्या तोंडावर फिकट नारंगी जिलेटिनचा तुकडा लावावा आणि अर्धा स्टॉप उघडावा.

छताला आपटून घेतलेला मऊ प्रकाश पुस्तकांत फार वाखाणलेला असतो. ती पुस्तके स्लॅबच्या पांढऱ्या छतासाठी लिहिलेली आहेत. पणजी, मडगावच्या फ्लॅटमध्ये ते बरोबर चालते: फ्लॅशपासून छतापर्यंत दीड मीटर, तिथून माणसापर्यंत अडीच, मिळून चार. ५६ भागिले चार म्हणजे एफ १४. छत प्रकाश पिते म्हणून दोन स्टॉप उघडा, म्हणजे एफ ७, कड्यावर एफ ५.६. गावच्या जुन्या घरात मंगळुरी कौलांचे छप्पर पाच-सहा मीटर उंच, तांबडे, काजळी धरलेले. तिकडे मारलेला फ्लॅश परत येतच नाही, आला तर चेहऱ्यांना तांबूस छटा देऊन जातो. अशा घरात फ्लॅशचे डोके बाजूच्या चुन्याच्या भिंतीकडे वळवावे. भिंत निळी किंवा हिरवी असेल तर तिचा रंगही चेहऱ्यावर येतो, मग पांढरी चादर दोघांनी धरलेली बरी. काहीच नसेल तर फ्लॅशचे डोके वर करून मागे वहीच्या पानाएवढे पांढरे जाड कार्ड रबरबँडने बांधा. दोन-अडीच मीटरपर्यंत ते छान काम देते. भिंतीवरच्या काचेच्या तसबिरींसमोर सरळ उभे राहू नये, तिरके उभे राहिले की चमक टळते.

उघड्यावर गणित थोडे बदलते. शिगम्याच्या मिरवणुकीत रस्त्यावर भिंती, छत काही नसते, त्यामुळे खोलीत मिळणारा परतीचा प्रकाश मिळत नाही. तक्ता एफ ११ सांगत असेल तर एफ ८ लावा. रोमटामेळातले नाचणारे पाच मीटरवर, ४०० चा रोल, एफ ८, शटर १/३०. ढोल-ताशे वाजवणारे रेखीव येतात आणि मागचे चित्ररथांचे दिवेही राहतात. पावसात, सांजावच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) दिवशी विहिरीकाठी, फ्लॅश लेन्सच्या लगत असेल तर समोरचा प्रत्येक थेंब पांढरा ठिपका होऊन येतो. फ्लॅश हातभर बाजूला नेला की थेंब काळोखात जातात. भिजलेला फ्लॅश मात्र उडवू नये, आत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. मिरामारच्या वाळूत भर दुपारी उन्हाकडे पाठ केलेल्या माणसाचे तोंड काळे येते, तिथे (१/१२५ ला फ्लॅश चालणारा कॅमेरा असेल तर) १०० चा रोल, १/१२५, एफ १६ आणि २८ चा फ्लॅश अडीच मीटरवरून. यात फ्लॅशचा प्रकाश उन्हाच्या निम्मा पडतो आणि फोटो फ्लॅशचा वाटतच नाही. ४०० चा रोल घालून हे जमणार नाही. १/१२५ ला एफ ३२ लागेल, तेवढी लेन्स मिटत नाही.

दशावतारात फ्लॅश मारू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नटाच्या डोळ्यांत प्रकाश जातो, रंगमंचाचा सगळा रंग सपाट होतो. ४०० चा रोल ८०० वर काढून धुणाऱ्याला तसे सांगावे, पुरते. देवळांच्या गर्भागारात आणि चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना आधी विचारावे, नाही म्हटले तर कॅमेरा खाली ठेवावा.

सेल आणि पावसाळा. डबल-ए पेन्सिल सेल चार लागतात. साधे स्वस्त सेल पहिल्या दहा फ्रेमनंतर थकतात. पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचे असले तरी झटकन वीज देतात, म्हणून फ्लॅश लवकर भरतो. नवे-जुने सेल मिसळू नका. रेडी दिवा लागतो तेव्हा बऱ्याच फ्लॅशचा कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) पूर्ण भरलेला नसतो, त्यानंतर तीन-चार सेकंद थांबा. सलग फोटोंत पहिला चांगला आणि पुढचे काळपट येतात ते याच घाईमुळे. वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या फ्लॅशचा कपॅसिटर सुस्तावतो. ताजे सेल घालून चालू करा, दिवा लागल्यावर पाच मिनिटे तसाच राहू द्या, उडवा, पुन्हा भरू द्या. अर्धा-एक मिनिटाचे अंतर ठेवून असे सात-आठ वेळा करा. शिट्टीसारखा आवाज येतो पण दिवा लागतच नसेल, किंवा फ्लॅश तापत असेल, तर बंद करून दुरुस्तीवाल्याकडे द्यावा. घरी उघडू नये. सेल काढल्यावरही कपॅसिटरमधला भार पुष्कळ वेळ राहतो आणि त्याचा झटका जिवावर बेतू शकतो.

आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या दमटपणात सेल फ्लॅशमध्ये ठेवून देणे हा फ्लॅश मारण्याचा खात्रीचा मार्ग आहे. सेल गळतात, पट्ट्यांवर पांढरा किंवा हिरवा थर चढतो. थर चढलाच तर कापसाच्या काडीवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने कोरडे करा. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत फ्लॅश ठेवा आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून चार-पाच वेळा उडवा.

शेवटी रोल धुऊन आला की स्कॅनकडे बघून मत बनवू नका, निगेटिव्ह उजेडाला धरा. स्कॅनिंगचे यंत्र चूक झाकून टाकते. अख्खी फ्रेम पारदर्शक आणि कडेचे आकडे मात्र काळे ठळक, तर फ्लॅश उडालाच नाही किंवा एमवर उडाला. फ्रेमचा एक भाग नीट आणि उरलेला पारदर्शक, तर शटर जलद लागले. सगळी चौकट फिकी, तर अंतर चुकले किंवा दिवा लागताच बटण दाबले. पुढचे काळे गर्द आणि मागचे रिकामे, तर फार जवळून मारला. रेखीव आकृतीभोवती पुसट दुसरी आकृती, तर मंद शटरमध्ये कोणी हलले. धुणाऱ्याला स्कॅनची आपोआप होणारी दुरुस्ती बंद ठेवायला सांगितले, तर स्कॅनमध्येही हे बरेचसे दिसते.

पुरवणीतला तो सल्ला चवथीआधीच्या अंकात दुरुस्त करावा आणि जमल्यास गाईड नंबरचा छोटा तक्ता सोबत छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक वाचक, फोंडा